कॅनबेराचा कायदा आणि ठाण्याचा जिना

ठाण्यात माझी धाकटी बहीण राहते त्या सोसायटीत अलीकडेच एक नोटीस लागली. पाळीव मांजर जिन्यात, पार्किंगमध्ये किंवा आवारात मोकळं फिरताना दिसलं, तर मालकाला दंड. बहिणीकडे एक बोका आहे आणि संध्याकाळचा फेरफटका हा तो आपला हक्क समजतो. तिने नोटिशीचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तुमच्याकडे असंच असतं ना गं? सेक्रेटरी म्हणतात, ऑस्ट्रेलियात मांजर बाहेर दिसलं की सरळ उचलून नेतात."

सेक्रेटरींचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लिहायला बसले.

मी राहते त्या कॅनबेरात १ जुलै २०२२ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मांजराला चोवीस तास मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं. घरात, नाहीतर अंगणात जाळीचा बंदिस्त पिंजरा करून. त्याआधी जन्मलेल्या मांजरांना बाहेर जायची मुभा आहे. काही उपनगरांत मात्र तीही नाही, तिथे सगळीच मांजरं आत. आमच्याकडे या तारखेच्या अलीकडचं एक आणि पलीकडचं एक अशी दोन मांजरं आहेत. म्हणजे एकाच छपराखाली दोन कायदे. म्हातारी भाटी कायद्याने कुठेही भटकू शकते, धाकट्याने मात्र खिडकीत बसून तिच्याकडे बघायचं. प्रत्यक्षात मी दोघांनाही आत ठेवते. दंडाची भीती हे त्याचं कारण नाही.

कारण इथली जमीन. ऑस्ट्रेलियात मार्जारकुळातला एकही प्राणी मुळात नव्हता. १७८८ मध्ये युरोपीय वसाहतवाल्यांच्या जहाजांतून मांजरं आली आणि शंभरेक वर्षांत खंडभर पसरली. इथले लहानसहान पिशवीवाले प्राणी, जमिनीवर चरणारे पक्षी, सरडे यांनी असा दबा धरून बसणारा शिकारी लाखो वर्षांत पाहिलेलाच नव्हता. इथल्या वीसहून अधिक सस्तन प्रजाती नामशेष होण्यात मांजराचा मोठा हात आहे, असं इथले शास्त्रज्ञ सांगतात. कोल्ह्याचाही आहे, पण कोल्ह्याला कुणी उशीवर घेऊन झोपत नाही, त्यामुळे त्याच्यावरून घरात भांडणं होत नाहीत.

यातली बरीचशी हानी रानटी झालेल्या मांजरांची, ज्यांना इथे फेरल म्हणतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांत वीस लाख फेरल मांजरं मारायचं लक्ष्य जाहीर केलं, तेव्हा थेट फ्रान्समधून जुनी चित्रपट अभिनेत्री ब्रिजित बार्दोने निषेध नोंदवला होता. पण पाळीव मांजरंही निर्दोष नाहीत. सारा लेग, जॉन वोइनार्स्की या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशोबानुसार बाहेर फिरणारं एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ पक्षी, सरडे आणि सस्तन प्राणी मारतं. त्यातली घरी आणून मालकाला दाखवली जाते ती शिकार जेमतेम पंधरा टक्के. म्हणून "आमची मनी कुणालाच मारत नाही" हे वाक्य मी आता कुणाच्याच तोंडून ऐकून घेत नाही. मनी काय करते ते मनीला ठाऊक. आपल्याला दिसतं ते पायपुसण्यावर टाकलेलं.

कॅनबेरात सगळ्याच मांजरांना बंदी असलेल्या पहिल्या उपनगरांत फोर्ड आणि बॉनर ही दोन होती. ती मलिगन्स फ्लॅट या राखीव रानाला लागून आहेत. त्या रानाभोवती मांजर-कोल्ह्यांना ओलांडता येणार नाही असं कुंपण घातलंय आणि आत २०१२ मध्ये टास्मानियातून बेटाँग आणून सोडले. बेटाँग म्हणजे सशाएवढा, कांगारूचा दूरचा भाऊ. मुख्य भूमीवरून तो शंभरेक वर्षांपूर्वी संपला होता. आता रात्री विजेरी घेऊन गेलं तर उड्या मारताना दिसतो. असा प्राणी कुंपणापलीकडे असताना आपली भाटी रात्री मोकळी सोडावी, हे मला तरी जमत नाही.

(कंसात एक गोष्ट कबूल करायला हवी. या देशात रानं साफ करून वस्त्या आणि कुरणं केली, त्याने झालेलं नुकसान मांजराच्या वाट्याला येणाऱ्या दोषापेक्षा लहान नाही. माझं स्वतःचं घरही जुन्या झाडीच्या जागेवर उभं आहे. मांजराला आत कोंडणं राजकारण्यांना सोपं जातं, बिल्डरला थांबवणं अवघड. तरीही मांजराला आत ठेवणं माझ्या हातात आहे, म्हणून मी तेवढं करते.)

आता सेक्रेटरींचं 'परदेशात असंच असतं'. कुठल्या परदेशात? ब्रिटनमध्ये नेमकं उलट आहे. तिथे मांजराने बाहेर फिरणं गृहीतच धरलेलं असतं. दाराला खाली झुलती झडप, शेजाऱ्याच्या वाफ्यात मांजर गेलं तर तो कुरकुरतो, फार झालं तर पाणी उडवतो. शेल्टरमधून मांजर घ्यायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी आधी विचारतात, घराला बाग आहे का, जवळ मोठा रस्ता नाही ना. पक्ष्यांसाठी झटणारी तिथली सर्वांत मोठी संस्था, आरएसपीबी, हीसुद्धा म्हणते की मांजरं पक्षी मारतात हे खरं, पण त्यामुळे देशभरात पक्ष्यांची संख्या घटतेय याला शास्त्रीय पुरावा नाही. त्या बेटावर रानमांजर हजारो वर्षांपासून आहे. जर्मनीतल्या वालडोर्फ गावाने तिसराच मार्ग काढला. २०२२ पासून तिथे तुरेवाल्या चंडोलांच्या विणीच्या हंगामात, म्हणजे एप्रिल ते ऑगस्ट, गावाच्या एका भागातली मांजरं घरात ठेवायचा हुकूम निघाला. उरलेल्या वर्षात मोकळी. कारण तिथे त्या पक्ष्याच्या मोजक्याच जोड्या शिल्लक होत्या आणि त्यांची घरटी जमिनीवर असतात.

म्हणजे तीन देश, तीन नियम, आणि तिन्ही आपापल्या जागी शहाणे. प्रत्येकाने आधी विचारलं, इथे मांजराच्या तावडीत कोण सापडतं? मग दार किती लावायचं ते ठरवलं.

आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. २०२५ हे वर्ष प्राण्यांवरून भांडणाचंच होतं. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले, २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो आदेश बदलला आणि नसबंदी, लसीकरण करून त्याच भागात सोडा, खायला ठरलेल्या जागीच घाला असं म्हटलं. त्याच महिन्यात दादरचा कबुतरखाना झाकला गेला आणि मुंबईत आंदोलन झालं. त्याआधी पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेच्या वर मांजरं असल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. मी हे सगळं इथून वाचत होते. तिन्ही वादांत दोनच पक्ष होते: खायला घालणारे आणि घाणीला कंटाळलेले. एकीकडे भूतदया, दुसरीकडे वास, विष्ठा, रेबीज आणि फुप्फुसाचे आजार. दोन्ही बाजू खोट्या नाहीत. पण बहिणीच्या सोसायटीच्या गुलमोहरावर घरटं करणारा बुलबुल या वादात कुठेच हजर नसतो.

याचा अर्थ लेगबाईंचा १८६ हा आकडा उचलून ठाण्याच्या नोटीस बोर्डावर चिकटवावा असा नाही. आपल्याकडचे पक्षी, खारी, सरडे रानमांजर, वाघाटी, मुंगूस, उदमांजर यांच्या संगतीत घडलेत. घरमांजरही आपल्या गावांत शतकानुशतकं आहे. दबा धरून बसणारा शिकारी म्हणजे काय हे आपल्या खारीला कुणी शिकवावं लागत नाही. त्यामुळे 'ऑस्ट्रेलियात बंदी आहे म्हणून इथे हवी' हा युक्तिवाद ठाण्याच्या जिन्यात टिकत नाही.

आणि नोटिशीत याहून मोठी गफलत आहे. ती मालकाला दंड करते. पण जिन्यातल्या मांजराचा मालक कोण? बहिणीच्या विंगमध्ये अशी चार-पाच मांजरं आहेत, ज्यांना तळमजल्यावरचे काका दूध ठेवतात, तिसऱ्या मजल्यावरची मुलं बिस्किटं घालतात, वॉचमन रात्री केबिनमध्ये झोपू देतो. प्रत्येकाने वेगळं नाव ठेवलंय. दंडाची पावती फाडायची वेळ आली की ती कुणाचीच नसतात. उलट बहिणीने बोक्याची नसबंदी केली, लशी दिल्या, गळ्यात पट्टा बांधला, म्हणून तो ओळखू येतो आणि दंड तिलाच. असा नियम वर्षभर चालवा, सोसायटीत एकही मालक उरणार नाही. पट्टे काढले जातील, मांजरं तेवढीच राहतील, कदाचित वाढतील.

कॅनबेरातून काही उचलायचंच असेल तर ते इथे आहे. बंद दार ही तिथली शेवटची पायरी होती. आधी प्रत्येक मांजराला कातडीखाली मायक्रोचिप, लहानपणीच नसबंदी. दरवर्षीची नोंदणी आणि शहरभरचं बंद दार मग एकाच दिवशी आलं. मांजर कुणाचं हे सिद्ध करता येऊ लागलं तेव्हा कुठे ते बाहेर का दिसलं हे विचारता आलं. आणि तेव्हाही म्हाताऱ्या मांजरांना सूट दिली. जन्मभर हिंडलेल्या जिवाला एका सकाळी कोंडायचं नाही. ती पिढी आपल्या मरणाने जाईल, तोवर थांबायचं. मला या कायद्यातली ही सबुरी सर्वांत आवडते. आपल्याकडे नियम येतात ते उद्यापासून, आणि परवा विसरले जातात.

पुण्यात महापालिकेने मांजरांनाही कुत्र्यांसारखा परवाना लागू केला, मुंबईत पालिकेने भटक्या मांजरांची नसबंदी हाती घेतली. पावलं योग्य दिशेची आहेत. सोसायट्यांनी त्यांना हात दिला तर दंडापेक्षा जास्त काम होईल. तळमजल्यावरच्या काकांना दटावण्याऐवजी त्यांचं ऐकून मांजरं पकडायला मदत घ्यावी. मांजर त्यांच्याच हाताला लागतं. बाकी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलेलंच आहे. सेक्रेटरींनी ते वाचलं असेल असं धरून चालू.

मग बहिणीने बोक्याला बाहेर सोडावं का? माझं उत्तर 'नाही' आहे, पण बुलबुलासाठी नव्हे, बोक्यासाठी. पार्किंगमध्ये रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या, इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली शिरायची खोड, गेटवरचे कुत्रे, भटक्या बोक्यांशी मारामाऱ्या आणि त्यातून लागणारे आजार. शहरातल्या मांजराचं स्वातंत्र्य म्हणजे बहुतेक वेळा हेच. 'त्याचा स्वभावच आहे फिरायचा' असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच विचारणं आहे की त्याचा स्वभाव प्रजा वाढवण्याचाही होता, तो आपण ऑपरेशन करून बदललाच ना.

मात्र दार लावलं म्हणजे काम झालं नाही. आत कोंडलेलं, दिवसभर एकटं, वाटीभर कोरडं खाणं समोर असलेलं मांजर लठ्ठ होतं, सोफा फाडतं, कोपऱ्यात मुततं. त्याला उंचावर बसायला जागा लागते, खिडकी लागते, आणि माणसाचा थोडा वेळ लागतो. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या एका अभ्यासात बाहेर जाणाऱ्या मांजरांशी रोज पाच-दहा मिनिटं शिकारीसारखा खेळ खेळला, तर त्यांनी घरी आणलेली शिकार पंचवीस टक्क्यांनी घटली. भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर छत्तीस टक्क्यांनी. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हा आपला जुना प्रश्न. या मंडळींनी ती बांधून पाहिली आणि काही फरक पडल्याचं दिसलं नाही. घंटेने शिकार घटते असं सांगणारे आधीचे अभ्यासही आहेत, पण पुरावा असा उलटसुलट असताना तिच्यावर फार विसंबू नये. ठाण्यात निम्म्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी जाळ्या आहेतच. त्याच जाळीने मांजर आत राहतं आणि सातव्या मजल्यावरून पडतही नाही, फक्त ती ताणलेली आणि फटीशिवाय हवी.

एका ठिकाणी मात्र मी कॅनबेराचा कायदा जसाच्या तसा आणायला तयार आहे: रानाच्या काठावर. ठाण्याला लागून येऊर आहे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड. तिथे मोकळं सोडलेलं मांजर एखाद्या रात्री बिबट्याच्या तोंडी जाऊ शकतं. तो त्याचा धोका. उलट बाजूने ते सरडे, बेडूक, जमिनीलगत घरटी करणारे पक्षी उचलतं, आणि रानमांजर, वाघाटीपर्यंत आपले आजार पोचवू शकतं. वाघाटी जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक, जुन्नरकडच्या उसाच्या फडांत तिची पिल्लं सापडतात आणि वनखातं ती आईकडे परत पोचवायची धडपड करतं. ज्या मुलखात हे प्राणी आहेत तिथेच मुळशीपासून कर्जतपर्यंत सेकंड होम उभी राहतायत. शनिवार-रविवारची मंडळी उंदरांसाठी मांजर आणून ठेवतात, सोमवारी गाडी निघते, मांजर तिथेच. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिची पिल्लावळ रानात शिरलेली असते आणि तिला फेरल म्हणायला आपल्याकडे कुणी नसतं.

बहिणीला मी लिहिलं की सर्वसाधारण सभेत नोटिशीला दोन दुरुस्त्या सुचव. दंडाऐवजी सहा महिने द्या, त्यात विंगमधल्या प्रत्येक मांजराची, पाळीव आणि बिनमालकाच्या, नसबंदी आणि लस सोसायटीच्या खर्चाने करा. त्यानंतर मोकळ्या पाळीव मांजरांबद्दल काय ते बोला. आणि सोसायटीतल्या ज्यांचे येऊरला बंगले आहेत, त्यांनी तिथलं मांजर रविवारी रात्री गाडीतून परत आणायचं. त्यांना मात्र सूट नको.