टाक्या सोडल्या ते बरोबर का चूक?

पुलगावजवळच्या आमच्या फाट्यावर टपरीसमोर जे बसतात त्यात एक गॅरेजवाला, दारूगोळा डेपोतून रिटायर झालेले काका, चिकनवाला अन् मी. काल कोणीतरी मोबाईलवर अंबाल्याच्या जॅग्वारचा, म्हणजे हवाई दलाच्या लढाऊ विमानाचा, जुना व्हिडिओ लावला, 27 जून 2019 चा, अन् मग दीड तास कोणी घरी जायचं नावच घेईना.

झालं असं की विमान उडालं तोच पक्ष्यांचा थवा आडवा आला, एक इंजिन गेलं, पायलटनं पंखांखालच्या जादा तेलाच्या टाक्या अन् सरावाचे बॉम्ब सोडून दिले अन् विमान सुखरूप उतरवलं.

काका तापले. "हे काय बे, लोकांच्या डोक्यावर बॉम्ब फेकते?"

"दहा-दहा किलोचे सरावाचे होते जी काका."

"सरावाचे का असेना! 2016 च्या मे मध्ये आपला डेपो धडाडला तेव्हा रातच्या रात गावं खाली करा लागली होती, तू तं शाळेत होता."

यावर बोलायची सोय नाही, त्या रात्रीचा काकांइतका अनुभव इथं कोणालाच नाही. पण गॅरेजवाला ऐकते थोडी! म्हणे, "उडताना विमान सगळ्यात जड असते, तेल फुल, माल फुल, अन् जोर राहिला अर्धा. कापसाची ट्रॉली घेऊन चढावर ट्रॅक्टर दमला तं तुमी काय करसान?"

"ट्रॉली सोडली तं मांगच्याच्या अंगावर जाते ना बे!"

सगळे हसले, गॅरेजवाला पण.

"मंग लगेच मांगं काहून नाई वळला?" चिकनवाल्यानं विचारलं. याचं उत्तर मला ठाऊक होतं. वळायला विमान कलवावं लागते, कललं की वर धरणारा जोर कमी पडते, तो भरून काढायला जास्त ताकद पाहिजे अन् तीच तर गेलेली असते, म्हणून जमिनीलगत घाईनं वळलेलं विमान हमखास घात करते. आधी वजन कमी करायचं, स्पीड अन् उंची धरायची, मग सावकाश फिरायचं. जॅग्वारला निदान दुसरं इंजिन तरी होतं. मिग-21 ला एकच, 1963 पासून 26 सप्टेंबर 2025 ला रिटायर होईपर्यंत एकच. त्याचं इंजिन उडतानाच बंद पडलं की पायलटनं सीटचं हँडल ओढून बाहेर पडायचं अन् अख्खं विमान खाली जिथं पडेल तिथं. म्हणून मी काकांना म्हटलं, टाक्या नसत्या सोडल्या तर टाक्यांसकट विमानच वस्तीवर गेलं असतं.

काका थोडे थांबले. "ठीक हाये, पायलट बरोबर. पन ज्याच्या छपरावर पडलं त्याले पैसे कोन देते?"

आता गॅरेजवाला गप. प्रश्न खराच आहे, शाबासकी पायलटला मिळते, कवेलू ज्याचे त्यानं बदलायचे का?

मग गाडी पक्ष्यांवर आली. धावपट्टीजवळ कचरा साचला की घारी येणारच. 2020 मध्ये राफेल अंबाल्याला आली तेव्हा हवाई दलानं हरियाणा सरकारला पत्र लिहिलं होतं, विमानतळाच्या आजूबाजूच्या कचऱ्याचा बंदोबस्त करा म्हणून. हे मी सांगितलं अन् सगळ्यांच्या माना एकदम चिकनवाल्याकडे वळल्या, कारण फाट्यामागच्या नाल्यात आतडी कोण टाकते हे गावाला माहीत आहे.

"माह्याकडे काय पाहून रायले बे?" तो उखडला. "इथं कोनतं विमान उतरून रायलं? एसटी तं थांबत नाई धड!"