एक्स्पोर्ट काढलं

भरीत पार्टीला लॅपटॉप नेऊ नये. कपाशीच्या काड्यांचा धूर, खाटेची सुतळी आणि मोबाइलची अर्धी रेंज, एवढ्यात फक्त वांगी होतात.

पण तात्यांचं ॲप बंद पडलं होतं. तात्या म्हणजे माझे मामा, यावलकडचे केळीवाले. रोजचा भाव शेतकऱ्यांच्या मोबाइलवर जावा म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांना पायथॉनमध्ये एक ॲप करून दिलं. पैशाचं विचारलं की “माल जाऊ दे, मंग पाहू.” तेव्हापासून किती ट्रक आखातात एक्स्पोर्ट झाले, देव जाणे.

दोन वर्षं ते ॲप मी हातानेच चालू करत होतो. आदल्या रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ते निजलं ते निजलंच. म्हटलं, आता लिनक्समध्ये प्रोग्राम उठवणाऱ्या कारभाऱ्याची, सिस्टमडीची, रीतसर सर्व्हिस करू, म्हणजे सर्व्हर उठला की तेही आपोआप उठेल. केली. “सुरू आहेस का?” विचारलं तर उत्तर “ॲक्टिव्ह”. भाव मात्र कुणालाच जाईना. हाताने चालवलं की पळतं, सर्व्हिसने चालवलं की ढिम्म.

कारण ठरलेलं आहे, फक्त दर वेळी नव्याने कळतं. हाताने चालवताना मी लॉगिन करतो, त्याबरोबर बॅश, म्हणजे माझ्या कमांड ऐकणारा प्रोग्राम, माझी बॅशआरसी ही सेटिंगची फाइल वाचतो आणि डेटाबेस कुठे, पासवर्ड काय, हे सगळं ॲपच्या कानात पडतं. सर्व्हिस लॉगिन करत नाही, ती बॅशआरसीकडे बघतही नाही. आमच्या आईला भरतात मिरच्या किती घालायच्या विचारा, “लागतीन तितक्या” म्हणेल. तिच्या हाताला माहीत असतं. पुण्याची सून तेच ऐकून भरीत करायला बसली, तर जे होईल तेच माझ्या ॲपचं झालं होतं.

मग सर्व्हिससाठी अशा सेटिंगची वेगळी एन्व्हायर्नमेंट फाइल केली. बॅशआरसीतल्या ओळी उचलल्या, तिथे चिकटवल्या, सर्व्हिसला फाइलचा पत्ता दिला, परवानगी 600, म्हणजे मालकाशिवाय कुणी वाचू नये. डेमन-रीलोड करून सिस्टमडीला सगळं नव्याने वाचायला लावलं, रीस्टार्ट. ढिम्म.

“काय झालं रे भो? वांगे भाजले गेले!” तात्या ओरडले.

“लॉग पाहतोय.”

लॉगमध्ये तरी काय असणार? पायथॉनसमोर टर्मिनल नसलं की प्रिंट केलेलं तो लगेच लिहीत नाही, बरंच साठलं की एकदम ओततो. त्यावर उपाय म्हणून पायथॉन-अनबफर्ड नावाचं व्हेरिएबल 1 करतात. तेही मी त्याच फाइलीत घातलं, वरच्या ओळींसारखंच दिसावं म्हणून अगदी त्याच थाटात. मग जर्नलला, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगच्या वहीला, म्हटलं, आज सकाळी अकरापासूनचं दाखव. “नो एन्ट्रीज.”

तिकडे ठेचणं सुरू झालं. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात. केळीची पानं मांडली गेली. माझ्यासमोर नो एन्ट्रीज. इतकं खोडकर यंत्र कुणी बनवलं असेल याचा विचार करत मी सर्व्हरला वेळ विचारली. त्याच्याकडे सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं. तो यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आम्ही साडेपाच तास पुढे. अकरा वाजायचेच होते त्याचे! मी उद्याचं वर्तमानपत्र आज मागत होतो.

वेळेची अट काढली आणि स्क्रीन भरून गेला. धुराने डोळ्यांना पाणी आलेलं, म्हणून शेजारच्या भाच्याला म्हटलं, “काय लिहिलंय, वाच रे.”

भाचा सातवीत, इंग्रजी माध्यमात. उभा राहून खणखणीत आवाजात वाचू लागला, “इग्नोरिंग इनव्हॅलिड एन्व्हायर्नमेंट असाइनमेंट, एक्स्पोर्ट डीबी पासवर्ड इज इक्वल टू...”

ओळीच्या सुरुवातीचा तो ‘एक्स्पोर्ट’! ‘हे पुढच्या प्रोग्रामलाही सांग’ म्हणायला बॅशला तो लागतो, सिस्टमडीला तो चालत नाही. म्हणून त्याने माझ्या सगळ्या ओळी, त्या अनबफर्डवाल्यासकट, टाकून दिल्या होत्या, आणि प्रत्येक टाकलेली ओळ जर्नलमध्ये जशीच्या तशी लिहून ठेवली होती. 600 परवानगीच्या कुलपात ठेवलेला पासवर्डसुद्धा. हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत भाचा थांबायला हवा होता.

“...तात्या पैसे द्या, ट्वेंटी ट्वेंटी थ्री.”

पंगत गप्प. काड्या तडतडल्या तेवढ्याच. मी मान खाली घालून फाइल उघडली, भराभरा सगळे एक्स्पोर्ट पुसले, रीस्टार्ट केलं. अर्ध्या मिनिटात खाटेवरचे पाच-सहा मोबाइल एकदम वाजले. भाव आला होता.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

“झालं. एक्स्पोर्ट काढलं.”

तात्यांच्या हातातली कळण्याची भाकरी हातातच राहिली. “एक्स्पोर्ट काढू नको रे बापा! लाव परत. तुह्ये पैसे देतो मी, उद्याच देतो!”

मी काही बोललो नाही. पानावर भरीत वाढून घेतलं.