ब्रायनला स्थळ सुचवताना

समलिंगी मित्रांच्या टोळक्यावरची 'क्वीअर ॲज फोक' ही मालिका पाहिली असेल तर इंदूरच्या सराफ्यात येऊन जरूर सांगा. अमेरिकन हं, २००० ते २००५ वाली, ५ सीझन आणि ८३ भाग. फक्त उपाशीपोटी येऊ नका आणि घरी लवकर येतो असं कबूल करून निघू नका. रात्री सोन्याची दुकानं शटर ओढतात, त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात, आणि तळलेल्या गराडूच्या कंदावर जीरावन मसाला पडतो न पडतो तोच आमच्या टोळक्यातलं कोणीतरी म्हणतं, "जस्टिननं न्यूयॉर्कला जायला नको होतं." झालं. आता दीड वाजेपर्यंत सुटका नाही.

मूळ ब्रिटिश मालिका मात्र काढू नका. रसेल टी. डेव्हिसनं १९९९ मध्ये लिहिलेली, मँचेस्टरची, चांगली आहे म्हणतात. पण तिचे एकूण भाग १०. दहा भागांत माणूस भांडणार तरी किती?

ब्रायन आणि जस्टिन या मुख्य जोडीच्या वयाचा विषयही नको. पहिल्या भागात जस्टिन शाळेत जातोय आणि ब्रायन तिशीला टेकलाय. भाचीच्या स्थळात सात वर्षांचं अंतर निघालं म्हणून नाक मुरडणारी मंडळी इथे "पण पुढे तो मोठा होतोच ना" म्हणतात. ऐकून घ्या आणि भुट्ट्याचा किस मागवा.

खरी पूर्वतयारी म्हणजे तुमच्यातली मावशी जागी करा. इंदुरात पोहे रोज सकाळी जिलेबीबरोबर खातात, समोर कोणी मुलगी साडी सावरत बसलेली नसते. त्यामुळे पोहे खाता खाता स्थळ पारखायची आपली पिढीजात हौस इथे सकाळी भागत नाही, ती रात्री भागवावी लागते. आणि घरच्यांनी आणलेलं प्रत्येक स्थळ ज्यानं हाकलून लावलं, त्याच्याइतकी बारीक पारख दुसऱ्या कोणाला जमत नाही, हा माझा अनुभव.

उदाहरणार्थ ब्रायनच्या जिवलग मित्राचा, मायकलचा डेव्हिड. मणके बसवणारा डॉक्टर, ऐसपैस घर, वागायला सभ्य. पण बिजवर, आणि पदरी एक मुलगा. आमच्यातला एक जण अजून डेव्हिडचीच बाजू घेतो. का, तर "सेटल होता". हा तोच गृहस्थ, ज्यानं आत्यानं आणलेल्या 'सेटल' मुलीला न बघताच नकार दिला. आत्या आजही त्याच्याशी बोलत नाही.

जस्टिन ब्रायनला सोडून ज्याच्याकडे गेला त्या ईथनबद्दल चांगलं बोलायचं असेल तर गाडी जवळ लावून या. व्हायोलिन वाजवतो, फुलं आणतो, जे ब्रायनच्या तोंडून कधी निघालं नाही ते सगळं बोलतो, आणि नाव झाल्याबरोबर एका चाहत्याबरोबर जातो. ब्रायन सांगून करतो, ईथननं लपवून केलं: या एका मुद्द्यावर आमचा अख्खा हिवाळा निघालाय. ब्रायनला 'माझं प्रेम आहे' म्हणायला पाचवा सीझन उजाडावा लागला, तोही बॅबिलॉन क्लबात बॉम्ब फुटल्यावर. यावर कोणी हळहळलं तर मी माझ्या काकांचा दाखला देतो. त्यांनी बॉम्ब फुटूनही म्हटलं नसतं. काकूंनी चाळीस वर्षं संसार केला आणि एका शब्दानं विचारलं नाही.

बेनच्या बाबतीत जपून. बेन प्राध्यापक, एचआयव्हीसह जगणारा. मायकलची आई डेबी, जी आल्यागेल्या पोराला आपलं म्हणते, जिचा सख्खा भाऊ व्हिक त्याच आजाराशी झगडतोय, तीसुद्धा आपल्या मुलासाठी बेन म्हटल्यावर अडते. ८३ भागांत याहून खरा प्रसंग मला आठवत नाही. म्हणूनच त्यावर आमच्यात कोणी पाच मिनिटांच्या वर बोलत नाही.

मग लग्न. मायकल आणि बेन लग्न करतात ते कॅनडात, टोरांटोत, कारण तिथे ऑन्टारिओत अशा लग्नाला २००३ पासून मान्यता होती आणि त्यांच्या पिट्सबर्गच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ती यायला २०१४ उजाडलं. गंमत म्हणजे मालिकेतलं पिट्सबर्ग चित्रित झालंय टोरांटोतच, म्हणजे वऱ्हाड जिथल्या तिथे! ब्रायन आणि जस्टिनचं मात्र ठरलेलं लग्न मोडतं, आणि इथे ओट्यावर उभे दोन तट पडतात. अशा वेळी कोणी सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल काढला, तर त्याला शिकंजी आणायला पिटाळा. "कशाला मूड खराब करून राहिला भिया," एवढं पुरतं. आपल्याकडे अशा लग्नाला मान्यता नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. जस्टिननं हो म्हणायला हवं होतं की नाही, हे अजून ठरायचंय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या नात्यांपुरतं गेलं, त्या रात्रीही आम्ही इथेच होतो. जिलेबी वाटली, दोघंतिघं रडले, आणि साडेअकराला पुन्हा ईथन.

आमच्यात एक जोडी आहे. नऊ वर्षं एकत्र राहतात. घरमालकाला मावसभाऊ म्हणून सांगितलंय. एकदा चर्चेच्या भरात त्यातला एक म्हणाला, "आमचं भांडण गिझरवरून होतं. हा चालू ठेवून विसरतो." दोन सेकंद सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणालं, "ते ठीक आहे, पण ब्रायन..." तेव्हापासून ते दोघं फक्त खातात. त्यांना बोलतं करायच्या फंदात तुम्ही पडू नका. नऊ वर्षांत त्यांच्यात ना कोणी व्हायोलिनवाला आला, ना कोणी न्यूयॉर्कला गेलं. वाद घालायचा कशावर?

पावणेबाराला ते उठतात, एकाची सकाळची शिफ्ट असते. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर. एक चालवतो, दुसरा मागे बसतो, दोन्ही हात पाठीमागे नेऊन कॅरिअर घट्ट धरतो, आणि राजवाड्याच्या बाजूला वळेपर्यंत तसाच बसतो. ओट्यावर तेवढी दोन माणसांची जागा रिकामी होते. ती पटकन धरा. शेवटच्या भागात उद्ध्वस्त बॅबिलॉनमध्ये ब्रायन नाचतो, तो सुखानं की दुःखानं, हा वाद साधारण बाराला सुरू होतो.