धुकं आणि पंचा

परवा पहाटे नाशिकच्या गोदाघाटावर एका काकांनी माझ्या लेन्सची काच पंच्याने पुसून दिली. त्याआधी त्याच पंच्याने त्यांनी स्वतःची पाठ पुसली होती.

धुकं काही रोज मुक्कामाला नसतं. रात्रभर आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि पारा दहाच्या खाली असेल, तर गोदेच्या त्यामानाने कोमट पाण्याची वाफ गार हवेत लगेच बारीक थेंबांत बदलते आणि धुरासारखी तरंगते. एक झुळूक आली की खलास. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, पण कामाचा निळा उजेड त्याआधीची वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे सव्वासहाला ट्रायपॉड उभा हवा. तोही मधला दांडा खालीच ठेवून, कारण शेवाळलेल्या पायरीवर त्याचे रबरी पाय घसरतात. माणसाचेही.

"कशाचा फोटो काढताय?"

"धुक्याचा."

काकांनी पंचवटीच्या दिशेने पाहिलं. "अहो, पण काहीच दिसत नाहीये."

"तेच काढतोय."

"नऊपर्यंत थांबा की! नारोशंकराचं देऊळ कसं लख्ख दिसतं बघा. चहा घ्या, मग काढा."

मी कळसावर फोकस लावत होतो. धुक्यात ऑटोफोकसला धरायला कडच सापडत नाही, तो नुसता मागेपुढे गुरगुरतो. म्हणून स्क्रीनवरचं चित्र दहापट मोठं करून हातानेच लावावा लागतो. काकांना हेही समजावून हवं होतं. मग एक्स्पोजर एक स्टॉप वर, म्हणजे उजेड दुप्पट का, तेही. म्हटलं, कॅमेऱ्याला सगळीकडे पांढरं दिसलं की तो फोटो करडा करून टाकतो.

"एवढा महागाचा, आणि त्याला पांढरं कळत नाही?" काका कळवळले. "आमच्या नातवाच्या मोबाईलला कळतं."

मग वाकून त्यांनी लेन्समध्ये पाहिलं आणि त्यांना रोगाचं मूळ सापडलं. "अहो, काच धुरकटलीय! म्हणून तुम्हाला धुकं दिसतंय!"

आणि पंचा फिरला.

काच आधी ब्लोअरने फुंकायची, मग कोरड्या मायक्रोफायबरने मधून कडेकडे, हात न दाबता. ओल्या कापडातला वाळूचा एक कण कोटिंगवर कायमचा ओरखडा काढतो. आणि हे पाणी कुठलं? ज्यात कालचं निर्माल्य, पाणवेली आणि कॅरीबॅगा सुखाने नांदतात ते. शटर चार सेकंद उघडं ठेवलं की वाहती कॅरीबॅग लांबट, पांढरी, मऊ होते. लोक तिला हंस समजून लाइक देतात. नदीची ही सगळी घाण आम्हीच सुंदर करून दाखवतो, तर साफ कोण कशाला करील?

घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. पंच्याआधीचे एकतीसच्या एकतीस सारखेच गढूळ. उघड्या आभाळाखाली लेन्स हवेपेक्षाही गार होते आणि काचेवर दव धरतं; जुन्या मोज्याची नळी चढवून आत हात शेकायची गरम पुडी ठेवली असती तर धरलं नसतं. पुडी बॅगेतच होती. पंच्यानंतरचे मात्र कळसापर्यंत स्वच्छ, फक्त डाव्या कोपऱ्यात पंच्याचा ओघळ, जो सूर्य समोर आला की चमकतो.

निघताना काकांनी स्वतःचाही एक काढून घेतला होता, कमरेवर हात ठेवून. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. दोन मिनिटांत उत्तर: "छान. मागचं धुकं काढता येईल का?"