डोळा बघूनच कळतं, मग तपासणी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

विषाणूंमुळे होणाऱ्या नेत्रसंसर्गाच्या झटपट तपासण्यांवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही कडक शब्दांत प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अनुभवी डॉक्टरांना डोळा बघूनच कळतं, विषाणूचं नाव समजलं तरी औषध बदलत नाही, रिपोर्ट येईपर्यंत डोळा बरा झालेला असतो, आणि या तपासण्यांनी भलं होतं ते फक्त लॅबचं.

डोळे येण्याच्या साथीत तुमचं बरंचसं खरं आहे. तिथे बहुतेकदा ॲडेनोव्हायरस असतो, त्यावर खास औषध नाही, आणि दोनेक आठवड्यांत डोळा निवळतो. पापणीच्या आतल्या बाजूचा नमुना पट्टीवर टाकला की विषाणूच्या कवचातलं हेक्सॉन प्रथिन दहा मिनिटांत ओळखता येतं. त्याचा उपयोग एवढाच, की अँटिबायोटिकचे थेंब उगाच दिले जात नाहीत आणि रुग्णाला घरी थांबायला ठामपणे सांगता येतं. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून विषाणू नाहीच, असंही म्हणता येत नाही. सगळ्यांची सरसकट तपासणी करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

पण लाल डोळा म्हणजे फक्त डोळे येणं नव्हे. तुमच्या प्रतिक्रियेत हर्पिस या विषाणूचा उल्लेखही नाही, आणि माझा सगळा आग्रह तिथेच आहे.

हर्पिस सिम्प्लेक्स बुबुळाच्या पृष्ठभागावर जखम करतो. फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात बघितलं, तर फांद्या फुटलेली आणि टोकाशी किंचित फुगीर अशी हिरवी रेघ चमकते. इतकी स्पष्ट दिसली तर लॅबची वाट बघायची गरज नाही, तिथे डॉक्टरांची नजर पुरते. अडचण येते ती रेघ अर्धवट, पुसट किंवा आधीच्या औषधाने बदललेली असते तेव्हा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात अकॅन्थअमीबा हा एकपेशीय जीव सुरुवातीला हुबेहूब हर्पिससारखा दिसू शकतो, आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं. हर्पिसच्या अशा जखमेवर अँटिव्हायरल म्हणजे विषाणूविरोधी औषधाशिवाय नुसतं स्टिरॉइड पडलं, तर ती रेघ पसरून मोठा व्रण होतो आणि मागे राहिलेल्या डागाने नजर कायमची अधू होऊ शकते. औषध बदलत नाही, हे इथे लागू पडत नाही.

कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये विषाणू वाढवून बघण्याच्या जुन्या पद्धतीत, तो वाढायला काही दिवस लागतात, ॲडेनोव्हायरसला तर कधी दोन-तीन आठवडे. तुमची ‘रिपोर्ट येईपर्यंत डोळा बरा’ ही तक्रार त्या काळाची आहे. चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी विषाणू दाखवणाऱ्या इम्युनोफ्लुरोसन्सने काही तासांत उत्तर मिळतं, पण नमुन्यात पुरेशा पेशी हव्यात. विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआरला त्याहून कमी माल पुरतो आणि उत्तर त्याच दिवशी मिळू शकतं.

खरी मेख नमुन्यात आहे. बुबुळाच्या व्रणाचा नमुना त्याच्या कडेवरून हलक्या हाताने घ्यायचा. नुसते अश्रू टिपून आणले तर काचपट्टीवर बघण्यासारखं फारसं काही हाती लागत नाही. शक्यतो रंगाचा थेंब टाकण्याआधी नमुना घ्यायचा, कारण फ्लुरोसीन स्वतःच चमकतो आणि इम्युनोफ्लुरोसन्सचा निकाल बिघडवतो. रोझ बेंगाल हा दुसरा रंग तर विषाणूलाच मारक आहे. कॅल्शियम अल्जिनेटचा स्वॅब नको, लाकडी काडीचाही नको. दोन्हींमुळे तपासणीत अडथळा येतो. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा स्वॅब घेऊन तो लगेच विषाणू टिकवणाऱ्या द्रवात बुडवायचा आणि थंड ठेवून पाठवायचा. एवढं पाळलं नाही तर कितीही भारी यंत्र ‘निगेटिव्ह’च म्हणेल, आणि तुमच्यासारख्यांचा विश्वास उडेल. त्यात तुमचा दोष नाही.

पॉझिटिव्ह रिपोर्टलाही डोळे झाकून मान डोलवू नये. डोळ्याला काहीच झालेलं नसलेल्या माणसांच्या अश्रूंतही अधूनमधून हर्पिसचा डीएनए सापडतो. डोळा काय सांगतोय आणि रिपोर्ट काय सांगतोय, हे शेजारी ठेवूनच वाचावं लागतं. डॉक्टरांच्या नजरेला पर्याय म्हणून मी तपासणी सुचवलेली नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याला, संसर्ग झाला असेल तर रिपोर्टसाठी उपचार थांबवायचे का? मुळीच नाही. दृष्टिपटल झपाट्याने नष्ट होत असेल, तर डोळ्याच्या आतल्या द्रवाचा (अश्रूंचा नव्हे) सुमारे 0.1 मिलिलिटर नमुना घेऊन त्याच दिवशी अँटिव्हायरल सुरू करतात, कारण उपचार लांबले तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. कांजिण्या-नागिणीचा विषाणू, हर्पिस सिम्प्लेक्स, सायटोमेगॅलोव्हायरस आणि टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, हे चारही तिथे एकमेकांसारखे दिसू शकतात, विशेषतः प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात. सायटोमेगॅलोवर असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचं नेहमीचं औषध पुरत नाही, गॅन्सिक्लोव्हिर लागतं, आणि त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. टोक्सोप्लाझ्मावर तर यातलं एकही चालत नाही. पीसीआरचं उत्तर आलं, की यातलं कोणतं औषध चालू ठेवायचं आणि कोणतं त्याच दिवशी बंद करायचं, हे ठरवता येतं.