डावीकडून चौथा

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर माजी विद्यार्थी मेळाव्याच्या स्मरणिकेची पीडीएफ आली. पहिली अकरा पानं शुभेच्छा संदेशांची. पानागणिक एक साहेब, आणि मजकूर इतका सारखा की फोटोंची अदलाबदल केली तरी खुद्द साहेबांना पत्ता लागणार नाही. मग अहवाल, सत्कार, दीपप्रज्वलन. ज्यांच्या नावाने अंक काढला ते माजी विद्यार्थी शेवटच्या चार पानांत, तेही 'आमचे यशस्वी माजी विद्यार्थी' म्हणून. दोन क्लास वन अधिकारी, एक बिल्डर, एक अमेरिकेत. आमच्या वर्गातच सत्तरेक पोरं होती. त्यातलं एकही नाव नाही. केळी लावणारा, एसटीत कंडक्टर असलेला, शहाद्याला शाळेत शिकवणारी, यांनी काय पाप केलं?

खरं सांगू का, हे अंक हल्ली नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेसाठी निघतात. पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दाखवावा लागतो. नॅकची कमिटी यायची झाली की माजी विद्यार्थी संघ जागा होतो, फोन सुरू होतात, जेवणावळ होते. कमिटी गेली की पुढच्या कमिटीपर्यंत सामसूम.

माजी विद्यार्थ्यांसाठी निघणाऱ्या अंकांची जुनी घरं अमेरिकेत आहेत. येल विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांचं साप्ताहिक १८९१ला निघालं, हार्वर्डचं बुलेटिन १८९८ला, प्रिन्स्टनचं साप्ताहिक १९००ला. साप्ताहिक बरं का! हेतू काही फार पवित्र नव्हता. जुन्या पोरांना फुटबॉलच्या बातम्या हव्या होत्या आणि विद्यापीठाला त्यांच्या देणग्या. पण त्यांनी एक गोष्ट अशी केली की अंक सव्वाशे वर्षं टिकले: वर्षवार बातम्या. प्रत्येक वर्षाच्या तुकडीचा एक चिटणीस असतो, बिनपगारी. कुणाचं लग्न झालं, कुणी गाव बदललं, कोण गेलं, हे तो गोळा करून दोन-दोन ओळींत लिहितो. लोक अंक हातात घेतात ते आधी आपलं वर्ष उघडायला, कुलगुरूंचं मनोगत राहतं बाजूला. बऱ्याच अंकांत सगळ्यांत जुनं वर्ष आधी छापतात, म्हणजे आपलं वय वाढतं तसतसं आपलं वर्ष पुढच्या पानांकडे सरकतं. गमतीचं आहे, आणि जरा भीतीचंही.

आपल्याकडे हे कुणी करायचं, यातच घोळ आहे. माझ्या वडिलांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का. त्यांनी पुणं पहिल्यांदा पाहिलं ते भावाच्या लग्नाच्या वेळी. माझ्या पदवीवर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, कारण १५ ऑगस्ट १९९०ला आपलं जळगावचं विद्यापीठ पुण्यापासून वेगळं झालं. पुतणीच्या पदवीवर कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव, ते २०१८चं. तिघं शिकलो एकाच इमारतीत. १९४९च्या आधी खान्देशातल्या कॉलेजांत शिकलेले तर मुंबई विद्यापीठाचे. यांना माजी विद्यार्थी म्हणून कोण मोजणार? पुणं नाही मोजणार, गिरणाकाठचं विद्यापीठही नाही. म्हणून मला वाटतं, हे काम कॉलेजने करावं आणि वर्षवार करावं.

बहिणाबाई स्वतः निरक्षर. मुलाने आणि घरच्यांनी ओव्या वेळेवर लिहून ठेवल्या म्हणून १९५२ला पुस्तक निघू शकलं, तेही त्या गेल्यावर. त्यांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या मुलखात टिपून ठेवण्याचा एवढा आळस!

पैसे नाहीत हे मला सांगू नका. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या पोरांसाठी स्वतःच्या हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. १९२८ला त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. आर्ट पेपर नव्हता, मुखपृष्ठावर साहेब नव्हता. आज प्रत्येक वर्षाचा एक माणूस नेमला, वर्षातून एकदा सगळ्यांना फोन करून 'भाऊ, तू आते कोठे शे?' एवढं विचारलं आणि उत्तरं काळ्या-पांढऱ्यात छापली, तरी मी पाचशे रुपये भरून अंक घेईन. ग्रुपवर होतं की सगळं, असं म्हणणाऱ्यांनी गेल्या वर्षी त्याच ग्रुपवर कोण वारल्याची बातमी आली होती ती शोधून दाखवावी. सुप्रभातच्या फुलांखाली गाडली गेली असेल.

वडिलांकडे त्यांच्या कॉलेजचा १९६८चा वार्षिकांक आहे. त्यात कबड्डी संघाचा फोटो, खाली 'बसलेले डावीकडून', 'उभे डावीकडून' अशी सगळी नावं, मैदान आखणाऱ्या शिपायाचंसुद्धा. वडील बोट ठेवून सांगतात, हा भुसावळला रेल्वेत लागला, हा चोपड्याला जिनिंगमध्ये, हा लवकर गेला. उभ्यांमधल्या चौथ्यावर बोट थांबतं. तेवढं नाव कसरीने खाल्लंय आणि वडिलांना काही केल्या आठवत नाही. मी फोटो ग्रुपवर टाकला. सतरा जणांनी हात जोडले.

फोटो खाली देतोय. केस मागे वळवलेले, गळ्यात ताईत, पायात चप्पल. घरात कुणी म्हातारं असेल तर जरा दाखवा.