तळाचा प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणावर आत्येभावाचा मासेमारीचा ठेका आहे. त्यासाठी त्यानं गोव्यातून एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची मोटरबोट घेतली आणि चोर्ला घाटातून ट्रॉलीवर चढवून आणली. सोबत पाण्याची खोली दाखवणारं यंत्रही आलं. इथं ते लागतंच. घटप्रभेच्या पाण्याखाली जुने बांध आहेत, हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर दिसतं. पाणी भरलेलं असताना कशावर काय आपटेल, सांगता येत नाही.

बोट उभी असली की यंत्र 26 फूट सांगायचं आणि शब्द बदलायचं नाही. वेग घेतला की मटक्याचे आकडे सुरू: 9, 41, 600, मग नुसत्या रेघा. 600 फूट! धरणाची भिंतसुद्धा एवढी उंच नाही.

"मशीन गोव्याचं, पाणी कर्नाटकाचं. कसं जमायचं ओ?" काठावरच्या तात्यांनी निदान केलं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तळाचा प्रश्न तेवढा लांबवणं आत्येभावाला परवडणारं नव्हतं. दुकानदार म्हणाला, नवं यंत्र घ्या. दुकानदार दुसरं काय म्हणणार! मला बोलावलं, कारण माझ्याकडं मल्टिमीटर आहे. आमच्या घराण्यात तेवढ्यावर माणूस इंजिनिअर ठरतो.

बॅटरी ठणठणीत निघाली. मग बोट जागेवरच ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन तापवलं. आकडा ढिम्म. म्हणजे इंजिनची विजेची खरखर यंत्रात शिरत नव्हती. बिघडायचं ते फक्त पळताना.

बोट पळत असताना मी मागच्या फळीवरून ओणवा झालो. (आत्येभावानं माझा पट्टा धरला होता, तो जास्त कुणासाठी घाबरला होता, मल्टिमीटरसाठी की माझ्यासाठी, हे विचारलं नाही.) बुडाच्या रिबिटांच्या ओळीतून बुडबुड्यांची पांढरी दोरी निघत होती आणि नेमकी यंत्राच्या पाण्यातल्या डबीवर, म्हणजे ट्रान्सड्यूसरवर येऊन फुटत होती. हा बेटा आवाज खाली सोडतो. पाण्यात तो सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, तळाला आपटून परततो, आणि लागलेल्या वेळावरून खोली निघते. मधे हवा आली की सगळा हिशेब तिथंच बुडाला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नरनं नवी पट्टी करून दिली. ट्रान्सड्यूसर रिबिटांपासून बाजूला सरकवला, बुडापेक्षा किंचित खाली घेतला, त्याच्यावरचं हिरवं शेवाळ अंगठ्यानं पुसलं. जुनी भोकं सीलंटनं बुजवली. आता पळतानाही आकडा टिकतो.

काठाजवळ मात्र बांबूनं 3 फूट आणि यंत्रानं 6. आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात दोनदा आपटून येत होता. सेन्सिटिव्हिटी उतरवल्यावर तेही सुधारलं.

आत्येभावानं धोक्याची घंटा 6 फुटांवर लावून ठेवली आहे. काठाला लागताना ती अशी कोकलते, की शेडमध्ये वहिनी चहाला आधण ठेवतात.